गिटारवाल्याचा पहिला बेस: पैसे कुठे घालायचे, कुठे राखायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवता. बँडमधला बेसवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची जागा तुम्ही घ्यायची असं ठरलं. हातात एकूण ३५ हजार आहेत, राहता फ्लॅटमध्ये, घरी २० वॉटचा गिटार अ‍ॅम्प आहे. बेस कोणता घ्यावा, शॉर्ट स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी कमी असलेला बेस, सोपा पडेल का, आणि आहे त्या अ‍ॅम्पवर भागेल की नवा लागेल, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

आधी उत्तर देतो. चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नसलेला), ३४ इंच स्केलचा साधा बेस घ्या. पिकअप (तारेचा कंप टिपणारा भाग) प्रिसिजन पद्धतीचा किंवा पी-जे, ही नावं पुढे उलगडतो. वीस-बावीस हजार वाद्यावर जाऊ द्या. चार-पाच हजार सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवून घेणं), नव्या तारा, रुंद पट्टा आणि बरी केबल यांसाठी बाजूला काढा. उरेल त्यात अ‍ॅम्प. हा क्रम उलटा करू नका. बारा-तेरा हजारांचा बेस आणि वीस हजारांचा अ‍ॅम्प अशी जोडी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. तिथे अ‍ॅम्प दणदणीत असतो आणि बेस कोपऱ्यात उभा असतो, कारण हातात घ्यावासाच वाटत नाही.

गिटारवर उणं वाद्य पुष्कळ झाकता येतं. थोडी डिस्टॉर्शन, थोडा डिले, की नेकची कुरकुर कोणाला ऐकू येत नाही. बेसवर बहुतेक वेळ एका वेळी एकच स्वर असतो, तोही क्लीन, आणि तो किती वेळ टिकतो, नेमका कुठे थांबतो, यावर अख्ख्या बँडचा ताल उभा असतो. तार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) किरकिरली, एखादा स्वर मधेच विझला, बाराव्या फ्रेटवरचा स्वर बेसूर निघाला, तर ते लगेच उघडं पडतं. म्हणून पैसा आधी हातातल्या वाद्यात घालायचा.

आता स्केलबद्दल. तुमच्या गिटारचं स्केल २५.५ इंच असेल असं धरतो. तिच्या पहिल्या फ्रेटची रुंदी साधारण ३६ मिलीमीटर भरते. ३४ इंची बेसवर तीच ४८ मिलीमीटरच्या वर जाते, आणि ३० इंची शॉर्ट स्केलवर ४३ च्या आसपास. आकडा लहान दिसतो, पण चार बोटं चार फ्रेटवर पसरवायची गिटारची सवय पहिल्या पाच फ्रेटमध्ये इथे मोडावी लागते. जबरदस्तीने पसरवत राहिलात तर मनगट दुखायला लागेल. उभा डबल बेस वाजवणारे खालच्या पट्टीत पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. अनामिका करंगळीला आधार देते, म्हणजे तीन फ्रेट एका पकडीत येतात आणि पुढच्यासाठी हात सरकतो. तेच इथे करा. पाचव्या फ्रेटच्या पुढे गिटारसारखी चार बोटं पुन्हा चालतात. हे समजलं की ३४ इंचाची भीती उरत नाही.

शॉर्ट स्केल वाईट असतो असं नाही. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी मुळात गिटार वाजवायचा. १९६१ मध्ये त्यांचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बाजूला झाल्यावर बेस त्याच्या गळ्यात आला, आणि हँबुर्गमध्ये त्याने घेतलेला हॉफनर ५००/१ हा ३० इंची शॉर्ट स्केलच होता. पण तुमच्या बजेटमध्ये दोन अडचणी आहेत. स्वस्त शॉर्ट स्केलवर जाड ई तार ढिली वाटते, स्वर मऊ आणि पसरट येतो. दुसरं, शॉर्ट स्केलच्या तारा आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. हात खरोखर लहान असतील किंवा खांद्याचा, मनगटाचा जुना त्रास असेल तर मात्र बिनधास्त ३० इंची घ्या, स्क्वायरचा ब्रॉन्को त्यात येतो. आयबानेझचा मायक्रो त्याहूनही आखूड, २८.६ इंची आहे. तो लहान मुलांसाठी ठीक, तुमच्यासाठी नको.

पिकअपची गोष्ट सोपी करून सांगतो. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आला. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला: एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. ही रचना हम, म्हणजे विजेची गुणगुण, स्वतःच घालवते आणि मधल्या पट्टीत भरीव आवाज देते, जो दोन गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीतही ऐकू येतो. १९६० मध्ये जॅझ बेस आला: दोन सिंगल कॉइल पिकअप, नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला) रुंदी सुमारे ३८ मिलीमीटर, म्हणजे नेक निमुळती. गिटारवाल्याच्या हाताला जॅझची नेक लगेच आवडते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की हम जातो, एकच उघडा ठेवलात की परत येतो, आणि आपल्या घरांतल्या वायरिंगवर तो चांगलाच जाणवतो. पी-जे म्हणजे मधे प्रिसिजनचा पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझचा. पहिल्या बेसला ही जोडणी मला सगळ्यात सोयीची वाटते. नव्वद टक्के वेळ तुम्ही ‘पी’वरच राहाल, ‘जे’ पिकअप हाताशी असेल.

नावं हवी असतील तर: यामाहाचा टीआरबीएक्स १७४ पी-जे आहे, पॅसिव्ह आहे, आणि यामाहाच्या स्वस्त वाद्यांतही फ्रेटचं काम सहसा नीट असतं. त्याच घरातला बीबी २३४ मला त्याहून आवडतो, बजेट ताणून मिळाला तर बघा. स्क्वायर अ‍ॅफिनिटीचा पी-जेसुद्धा चांगला. नवा महाग पडला तर सेकंडहँड शोधा. आयबानेझ जीएसआर २०० हलका आहे, नेक पातळ आहे, आणि त्यात बेस वाढवणारं छोटं अ‍ॅक्टिव्ह सर्किट आहे. तो बॅटरीवर चालतो, म्हणून एक सवय लावून घ्या: वाजवून झालं की केबल बेसमधून काढायची. जॅक आत राहिला की सर्किट चालू राहतं आणि नऊ व्होल्टची बॅटरी गुपचूप संपते, मग ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो. पॅसिव्ह बेसला हे काहीच नाही, म्हणून पहिला बेस पॅसिव्ह असावा असं माझं मत आहे.

पाच तारांचा घ्यावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानदार नक्की सुचवेल. मराठी-हिंदी ऑर्केस्ट्रात पाच तारी बेस दिसतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे गायक पट्टी सांगतो. आज पांढरी एक (सी), उद्या काळी एक (सी शार्प). चार तारी बेसवर सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. त्याच्या खालचा सी किंवा सी शार्प हवा तर पाचवी तार लागते. पण पांढरी दोनसाठी ई तार एक सूर उतरवली की डी मिळतो, आणि बाकीच्या वेळी तोच स्वर एक सप्तक वर वाजवला तरी गाणं उभं राहतं. शिवाय पाचव्या तारेच्या खालच्या बीची कंपनसंख्या ३१ हर्ट्झच्या जवळ आहे; छोट्या अ‍ॅम्पवर तो स्वर निव्वळ घरघर होतो. स्वस्त पाच तारी बेसवर ती बी तार बहुतेक वेळा सगळ्यात कमजोर असते. आत्ता नको.

दुकानात गेलात की, मग ते तुमच्या गावातलं असो की मुंबईत धोबीतलावचं, पहिली पंधरा मिनिटं अ‍ॅम्प लावूच नका. बेस बसून मांडीवर घ्या. इलेक्ट्रिक बेस न लावता वाजवला तरी लाकडाला कंप जाणवतो, आणि वाद्याचे दोष अ‍ॅम्पच्या आवाजाखाली दडत नाहीत. मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. नेक खाली पडायला लागली तर तो भार रोज तुमचा डावा हात उचलणार आहे. चार किलोच्या आसपासचं वजन ठीक. त्याहून बरंच जड असेल तर तासाभराच्या तालमीनंतर खांदा सांगेल.

नेक अशी तपासा. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. तार आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट अजिबात नसेल तर नेक मागे वाकली आहे, दोन-तीन कार्डं सरकली तर पुढे. यात घाबरण्यासारखं काही नाही, नेकच्या आतल्या धातूच्या ट्रस रॉडने सुटतं. पण विक्रेत्याला म्हणा, रॉड पाव आटा फिरवून दाखवा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा फिरतच नसेल तर तो बेस कितीही स्वस्त असला तरी सोडा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, सावकाश, स्वर पूर्ण विझेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, दुकानदार बघत राहील, तरी करा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या टापूत एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा लवकर विझताना दिसेल. याला डेड स्पॉट म्हणतात. लांब नेकच्या बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) बेसवर तो थोडाफार असतोच, कारण त्या स्वराची ऊर्जा नेकच्या स्वतःच्या कंपनात जाते. किंचित असेल तर चालेल. स्वर एका ठोक्यात मरत असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. दोन नगांत फरक पडतो, आणि म्हणूनच पहिला बेस डोळे झाकून कुरिअरने मागवू नये असं मला वाटतं.

सेकंडहँड बाजार तुमच्या बाजूने आहे. हौसेने बेस घेऊन वर्षभरात परत गिटारकडे वळणारे पुष्कळ, त्यामुळे फारसे न वाजलेले बेस मिळतात. वरच्याच तपासण्या करा. शिवाय व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब फिरवून खरखर ऐका, नेकचे स्क्रू जागच्या जागी घट्ट आहेत ना, पहिल्या पाच फ्रेटवर तारांच्या खोल खाचा पडल्या नाहीत ना, ते बघा. किनारपट्टीवरचा बेस असेल तर ब्रिजच्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसलेले असतात. ते फिरले नाहीत तर अ‍ॅक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (पुढच्या फ्रेटवरही स्वर सुरात लागणं) दोन्ही अडकतात.

बेस घरी आला की त्याच आठवड्यात सेटअप करून घ्या. दुकानातून येणाऱ्या बेसची अ‍ॅक्शन बहुधा उंच असते, आणि नव्या माणसाला वाटतं की बेस म्हणजे हे असंच जड काम. बाराव्या फ्रेटवर ई तार सव्वादोन मिलीमीटरच्या आसपास आणि जी तार पावणेदोनच्या आसपास आली की हात मोकळा होतो. जून-जुलैत हवेतल्या ओलाव्याने नेक हलते, थंडीत पुन्हा सरकते. वर्षातून दोनदा पाव आटा इकडे-तिकडे करावा लागला तर त्यात वावगं काही नाही. तारा ०.०४५ ते ०.१०० किंवा ०.१०५ इंच जाडीच्या निकेल राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) घ्या. गिटारच्या तारांच्या मानाने त्या बऱ्याच महाग असतात, पण टिकतातही बऱ्याच जास्त. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, पावसाळ्यात तर न चुकता.

आता अ‍ॅम्प. गिटारची सगळ्यात खालची ई ८२ हर्ट्झची, बेसची ४१ ची. सप्तक एकच खाली, पण तेवढ्याच जोराने तो स्वर हवेत सोडायचा तर स्पीकरच्या कोनला चौपट अंतर पुढे-मागे व्हावं लागतं. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर यासाठी बनलेलाच नसतो. त्याची पेटी बहुतेकदा मागून उघडी असते, कोनची चाल कमी असते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: घरातल्या बोलण्याएवढ्या आवाजात तुमचा २० वॉटचा गिटार अ‍ॅम्प बेससाठी चालेल, क्लीन चॅनेलवर, बेसचा नॉब अर्ध्याच्या खाली ठेवून. फडफड किंवा फाटल्यासारखा आवाज आला की तिथेच थांबा, व्हॉल्यूम कमी करा. ड्रमच्या बरोबरीने वाजवायला गेलात तर स्पीकर फाटेल. म्हणजे पहिले दोन-तीन महिने त्याच्यावर निघू शकतात, आणि तेवढ्या काळात बेसवर चार-पाच हजार जास्त घालता येत असतील तर मी तेच करेन.

नवा घ्यायचाच झाला तर घरासाठी १५ ते २५ वॉट आणि ८ इंची स्पीकर पुरतो. फेंडर रंबल २५ किंवा ऑरेंज क्रश बेस २५ या जातीचे अ‍ॅम्प बघा. दोन्हींत हेडफोनची सोय आहे आणि मोबाइलवरचं गाणं लावून सोबत वाजवता येतं. आठ इंची स्पीकर ४१ हर्ट्झचा मूळ स्वर फारसा देत नाही हे खरं, पण त्याचे ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वर नीट ऐकू आले की कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो. त्यामुळे घरच्या अ‍ॅम्पकडून जमीन हादरण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याच्याकडून एकच गोष्ट मागा: स्वर कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला ते स्वच्छ कळलं पाहिजे. दुकानात अ‍ॅम्प तपासताना एक स्वर वाजवा आणि दुसऱ्या ठोक्यावर डाव्या हाताने झटकन दाबून बंद करा. आवाज तिथेच तुटला पाहिजे. घुमत राहिला तर तो अ‍ॅम्प तुम्हाला खोटं शिकवेल. गिटारवाला बेसकडे आला की त्याची सगळ्यात मोठी उणीव हीच असते: स्वर बरोबर लागतात, पण थांबत नाहीत. वरच्या तारा वाजवताना खालची ई गुणगुणत राहते, आणि गिटार अ‍ॅम्पवर ते कधी कळलेलंच नसतं.

फ्लॅटमध्ये राहता म्हणून आणखी एक. खालचे स्वर भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त जातात; तुमच्या खोलीत हलका वाटणारा आवाज खालच्या मजल्यावर स्पष्ट पोहोचतो. अ‍ॅम्प फरशीवर थेट ठेवू नका, खाली जाड फोमचा तुकडा घाला, आणि कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नका, तिथे खालचे स्वर फुगतात. रात्री हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घ्या. मोबाइलसोबतचे इअरफोन बेसला न्याय देत नाहीत.

तुमच्याकडे रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस (वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी) असेल, आणि आजकाल बऱ्याच गिटारवाल्यांकडे असतो, तर घरासाठी अ‍ॅम्पची गरजच नाही. बेस इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावा, लॅपटॉपवर साधा अ‍ॅम्प सिम्युलेटर, कानाला हेडफोन. इंटरफेस नसेल आणि पैसे अगदीच संपले तर व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग बेस थेट जॅकमध्ये बसतो आणि हेडफोनवर पुरेसा आवाज देतो. असे वाचलेले आठ-दहा हजार मी बेसवर आणि सेटअपवर घातले असते. हेडफोनवर आणखी एक फायदा: जुनी गाणी नीट ऐकता येतात. आर. डी. बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बेस वाजवायचे. मोबाइलच्या स्पीकरवर ती बेसलाइन जवळजवळ नाहीशी होते, हेडफोनवर कळतं की गाणं चालवतंय कोण.

पिक वापरू का बोटं, हेही तुम्ही शेवटी विचारलं होतं. पिक सोडायची सक्ती नाही. लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत साठच्या दशकात शेकडो रेकॉर्डिंग वाजवणारी कॅरोल के मूळची गिटारवादकच होती आणि बेस पिकनेच वाजवायची. पण बोटंही सोबत सुरू करा, तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने, अंगठा पिकअपवर टेकवून. बारीक तारांवर गेलात की अंगठाही पिकअपवरून जाड ई तारेवर आणून टेकवा. ई गुणगुणायची थांबते.

तालमीच्या जागेबद्दल शेवटचं. ड्रमसोबत वाजवायला किमान १०० वॉट आणि १० किंवा १२ इंची स्पीकर लागतो, आणि तो या ३५ हजारांत बसत नाही. बसवायचा प्रयत्नही करू नका. भाड्याच्या रिहर्सल रूममध्ये बेस अ‍ॅम्प बहुधा असतो, आधी फोन करून विचारून घ्या. कार्यक्रमात साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (बेस मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) असतो, त्यातून बेस थेट पीएला, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरना, जातो. वर्षभराने स्वतःचा मोठा अ‍ॅम्प घ्याल तेव्हा त्याला मागे एक्सएलआर डीआय आउट आहे का एवढं पाहून घ्या. तोवर कार्यक्रमाला निघताना बेस, दोन केबल, ट्यूनर आणि अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर एक जादा बॅटरी, एवढंच सोबत न्या.